पहिल्या वर्षाचा पट आणि शेवटच्या वर्षाचा निकाल

एखाद्या महाविद्यालयाचा निकाल अमुक टक्के लागला, असे आपण फाटकावरच्या फलकावर वाचतो, तेव्हा त्या टक्क्यांचा छेद कोणता हे सहसा कोणी विचारत नाही. तो छेद असतो शेवटच्या परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांचा. समजा, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला १२० मुलामुलींनी प्रवेश घेतला, तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत त्यांतली ७० टिकली आणि ६० उत्तीर्ण झाली, तर फलकावर सुमारे ८६ टक्के निकाल झळकतो; मात्र प्रवेश घेतलेल्यांपैकी पदवी मिळालेली असते निम्म्यांनाच. मधल्या दोन वर्षांत गळालेली ५० मुले कोणत्याच फलकावर नसतात. उदाहरण कल्पित आहे, परंतु सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही अनुदानित कला महाविद्यालयात शिकवलेल्या माणसाला ते अनोळखी वाटणार नाही. मीही अशाच एका महाविद्यालयात शिकवले असून मूल्यांकनाच्या फायली तयार करण्याच्या कामातही माझा सहभाग राहिला आहे. राज्यातील सार्वजनिक महाविद्यालये आणि विद्यापीठे कशी चालली आहेत हे ठरवण्याच्या प्रचलित पद्धती या गळालेल्या मुलांपर्यंत फारशा पोचत नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

आपल्याकडे मूल्यांकन म्हटले की प्रथम ‘नॅक’, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, आठवते. १९९४ मध्ये स्थापन झालेली आणि बंगळुरूत मुख्यालय असलेली ही परिषद सात निकषांवर संस्थेला चारपैकी गुण देत आली आहे: ३.५१ किंवा त्याहून अधिक असल्यास ‘अ++’, १.५० किंवा त्याहून कमी असल्यास ‘ड’, म्हणजे मूल्यांकन नाकारले. मूल्यांकन झालेल्या महाविद्यालयांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला आहे आणि याचे श्रेय राज्याला द्यायलाच हवे. नॅकमुळे अनेक महाविद्यालयांत प्रथमच कागदपत्रे नीट राहू लागली, ग्रंथालयाची नोंद संगणकावर आली आणि माजी विद्यार्थ्यांची संघटना निदान कागदावर तरी उभी राहिली. २०१७ च्या सुधारणेनंतर बहुतांश गुण संस्थेने भरलेल्या आकडेवारीवर अवलंबून राहू लागले आणि त्या आकडेवारीची पडताळणी बाहेरून होऊ लागली. हेतू चांगला होता, पण परिणाम असा झाला की ज्याचा कागद आहे तेच घडले असे मानण्याची सवय जडली. एखाद्या शिक्षिकेने वर्षभर संध्याकाळी थांबून इंग्रजीत कच्च्या असलेल्या मुलींना शिकवले, पण हजेरीपत्रक, छायाचित्र आणि प्राचार्यांच्या सहीचा अहवाल नसेल, तर त्या कामाला गुण नाहीत. उलट एका दिवसाच्या कार्यशाळेचा अहवाल रंगीत छायाचित्रांसह तयार असेल, तर त्याला आहेत. (नॅकची तपासणी समिती येण्यापूर्वीच्या पंधरवड्यात भिंतींना रंग, जिन्यावर कुंड्या आणि प्रवेशद्वारी रांगोळी का येते, हे मात्र कोणत्याच निकषात विचारलेले नाही.) फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने लाचखोरीच्या आरोपावरून एका तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. माझ्या मते त्याहून गंभीर प्रश्न असा आहे की, सगळे व्यवहार स्वच्छ असतानाही ही पद्धत नेमके काय मोजते.

दुसरी पद्धत म्हणजे केंद्र सरकारची उच्च शिक्षण संस्थांची ‘एनआयआरएफ’ क्रमवारी, जी २०१६ पासून जाहीर होते. विद्यापीठांसाठी तिचे सूत्र सरळ आहे: अध्यापन व साधने ३० टक्के, संशोधन ३० टक्के, पदवीची फलनिष्पत्ती २० टक्के, सर्वसमावेशकता १० टक्के आणि लोकांच्या मनातील प्रतिमा १० टक्के. यातील सर्वसमावेशकतेच्या गुणांचा एक भाग परराज्यांतून आणि परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर ठरतो. आता आपल्या विद्यापीठाचा विचार करावा. १ ऑगस्ट २००४ रोजी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळे होऊन सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले, ते एकाच जिल्ह्यासाठी. करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या मुलाला गुणपत्रिकेतील चुकीसाठी कोल्हापूरची वाट धरावी लागू नये, हा त्यामागचा व्यावहारिक विचार. २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाचे काम मुळात अकरा तालुक्यांतील मुलांना शिकवण्याचे आहे, आणि तेच ते करत असेल तर परराज्यातील विद्यार्थ्यांच्या रकान्यात त्याला मोठे गुण कसे मिळावेत? ज्या उद्देशाने संस्था उभारली, तो उद्देश पार पाडल्याबद्दल तिचे गुण कमी व्हावेत, ही मूल्यमापनाची तऱ्हा मला पटत नाही. २०२४ पासून राज्य सार्वजनिक विद्यापीठांची वेगळी क्रमवारी लागू लागली हे बरे झाले, कारण निदान या गटात केंद्रीय विद्यापीठांशी होणारी तुलना टळली. पण या गटात मुंबई-पुण्याची जुनी विद्यापीठेही आहेतच.

संशोधनाच्या ३० टक्क्यांबद्दल फार लिहीत नाही. बढतीसाठी शोधनिबंधांचे गुण मोजायला सुरुवात झाल्यानंतर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके किती फोफावली, आणि २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके कशी काढून टाकावी लागली, हे प्राध्यापकवर्गाला चांगले ठाऊक आहे.

सोलापुरात महाविद्यालयात येणारा विद्यार्थी कोण आहे, हे पाहिल्याशिवाय त्या महाविद्यालयाचे काम कळत नाही. शहराच्या पूर्वभागातील मुलीच्या घरी तेलुगू बोलली जाते, शाळा मराठीत झालेली असते आणि महाविद्यालयात वाणिज्य शाखेची पुस्तके इंग्रजीत पुढे येतात. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर असतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या गावांत हीच गोष्ट कन्नडमध्ये घडते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत काम करून शिकणारी मुले सकाळच्या सत्रात बसतात आणि दुपारी कामावर जातात. बारावीला ४५ टक्के मिळवून आलेल्या अशा मुलीला जे महाविद्यालय तीन वर्षांत पदवीधर करते आणि बारावीला ९० टक्के मिळवलेल्यांनाच प्रवेश देऊन जे त्यांना पदवीधर करते, त्या दोघांचा अंतिम निकाल एकाच तक्त्यात मांडला, तर तो तक्ता महाविद्यालयांची नव्हे, त्यांच्या प्रवेशयादीची तुलना करतो. म्हणून विद्यार्थी कोठून निघाला आणि कोठवर पोचला, हे अंतर मोजले पाहिजे.

यासाठी नवी समिती किंवा नवे संकेतस्थळ लागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘पीआरएन’, देते. बारावीचे गुण प्रवेश अर्जात असतात, शिष्यवृत्तीचा प्रवर्ग नोंदलेला असतो, प्रत्येक सत्राचा निकाल परीक्षा विभागाकडे असतो. एका वर्षी प्रवेश घेतलेल्या सर्व क्रमांकांचा माग काढून तीन वर्षांनी त्यांतील किती पदवीधर झाले, किती एटीकेटीत अडकले, किती नावे पटावरून गेली आणि कोणत्या सत्रानंतर गेली, हे महाविद्यालयनिहाय व शाखानिहाय काढणे हे संगणकाला जड जाणारे काम नाही. त्यात मुली वेगळ्या मोजाव्यात. जुलै २०२४ पासून राज्याने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. त्यामुळे मुली केवळ आल्या की टिकल्याही, याचे उत्तर अशा नोंदीतूनच मिळेल.

पदवीनंतर काय झाले, हा रकाना मात्र अवघड आहे. सध्या तो बहुधा शिक्षक फोन करून भरतात आणि जो फोन उचलतो त्याची नोकरी नोंदली जाते. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलेला आणि तेथे कंपनीत लागलेला तरुण यशस्वी ठरतो. घरच्या टॉवेलच्या कारखान्याचा हिशेब सुधारणारा किंवा सांगोल्यात डाळिंबाची बाग सांभाळणारा पदवीधर त्या रकान्यात ‘निरंक’ राहतो. पगाराचा मध्य काढून जिल्ह्याच्या शिक्षणाचे मोल ठरवायचे, तर जिल्हा सोडून जाण्यालाच गुण द्यावे लागतील.

मूल्यांकनाची चर्चा नेहमी महाविद्यालयापाशी थांबते, याचेही मला आश्चर्य वाटते. मंजूर पदांपैकी किती भरली आहेत, हे प्राचार्य ठरवत नाहीत. निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे रिक्त राहते, तेथे तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक मानधनावर राबतो, सुट्टीत त्याला मानधन नसते, आणि त्याच विभागाला ‘पूर्णवेळ शिक्षकांचे प्रमाण’ या रकान्यात गुण गमवावे लागतात. पदभरतीची परवानगी शासनाची आणि तिच्या अभावी कमी झालेले गुण महाविद्यालयाचे, असा हा हिशेब आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत निकाल जाहीर करण्याची तरतूद आहे. किती परीक्षांचे निकाल या मुदतीत लागले, हा आकडा प्रत्येक विद्यापीठाच्या मूल्यांकनात पहिल्या पानावर असायला हवा, आणि त्याच्या शेजारी शासनाने मंजूर पदांपैकी किती भरू दिली, हा.

असे आकडे उपलब्ध झाले की कोणीतरी लगेच त्यांना अनुदान जोडण्याची सूचना करील. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७९ पासून कामगिरीनुसार निधी देण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे अनेक राज्यांनी ती उचलली. अभ्यासकांना मात्र पदव्यांच्या संख्येत अपेक्षेइतकी वाढ दिसली नाही, उलट काही ठिकाणी अल्पमुदतीची प्रमाणपत्रे वाढली आणि काही संस्थांनी कच्च्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणे कमी केले. आपल्याकडे तर नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय केली आहे. पैशाचा दबाव आला, तर कालपर्यंत ज्याला गळती म्हणत होतो त्याचीच उद्या प्रमाणपत्रधारक म्हणून यशात गणना होईल. बाहेर पडलेला विद्यार्थी परत आला का, हे न नोंदवता ही गणना स्वीकारू नये.

संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणानुसार पदवीच्या पहिल्या वर्षाला २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२७ मध्ये तीन वर्षे पूर्ण करील. एकाच जिल्ह्याच्या विद्यापीठाला या तुकडीचा हिशेब क्रमांकनिहाय मांडणे सर्वांत सोपे आहे. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने उत्तीर्णांच्या टक्केवारीबरोबर पहिल्या वर्षाचा पटही छापावा, एवढीच विनंती मी विद्वत परिषदेच्या सदस्यांना करीत आहे.