पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि भाज्याची लेणी: ७१ वर्षांच्या आईला घेऊन लोकलने केलेली सहल

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना लोहगडावर जायचं होतं. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात लोहगड आहे, हे लेकीला शाळेत कळलेलं. ती अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. आई ७१ वर्षांची. तिचे दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. "तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते," हे तिचं नेहमीचं वाक्य तिनं म्हटलं आणि या वेळी मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. गेल्या दोन वर्षांत आमची प्रत्येक सहल आईशिवाय झाली होती. म्हणून लोहगड मागे ठेवला आणि त्याच डोंगररांगेच्या पायथ्याची भाजे लेणी ठरवली.

ठरवलं ते दिवाळीच्या आधी तीन आठवडे, आणि हेच सगळ्यात उपयोगी पडलं. आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो, पर्वतीची टेकडी जवळ. पर्वतीच्या पायऱ्या १०३, रुंद आणि उंचीला बेताच्या. पहिल्या दिवशी आई वीस पायऱ्या चढून कठड्याशी टेकली. दुसऱ्या दिवशी तळजाईच्या टेकडीवर गेलो, तिथली सपाट पायवाट गुडघ्याला सोसते आणि सकाळी मोर दिसले तर धाकटाही न कुरकुरता चालतो. असं एक दिवस तळजाई, एक दिवस पर्वती. तिसऱ्या आठवड्यात आई पर्वतीच्या माथ्यावर, देवदेवेश्वराच्या देवळाच्या दारात उभी होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेला नियम आम्ही घोकून ठेवला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. धाकटा तो आजीला प्रत्येक पायरीला ओरडून सांगायचा.

गाडी न नेता लोकलनं गेलो. पुणे-लोणावळा लोकलमध्ये मळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. तिकीट माणशी वीस रुपयांच्या आत. शिवाजीनगरहून सव्वा तास धरा. आम्ही बुधवारी सकाळी सातच्या सुमाराला बसलो, आईला खिडकी मिळाली. बेगडेवाडीच्या आसपास घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो, तिथंही लेणी आहेत, पुढच्या एखाद्या अर्ध्या दिवसासाठी तो मनात धरून ठेवला. तळेगावनंतर मावळ सुरू झालं. भाताची कापणी चालू होती, कुठं पेंढ्या रचलेल्या, कुठं झोडणी. आई खिडकीशी हळूहळू बोलायला लागली, तिच्या माहेरच्या खळ्याबद्दल. वेल्ह्याकडचं घर, ते मी पाहिलेलंच नाही.

मळवलीला उतरल्यावर भाजे गाव साधारण दोन किलोमीटर. रस्ता द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून जातो. मी आणि लेक चालत गेलो, बाकीचे रिक्षानं. बरोबर ज्येष्ठ माणूस असेल तर रिक्षाच करा. पायांतली ताकद पायऱ्यांसाठी राखून ठेवायची. भाडं बसायच्या आधी ठरवा आणि परतीचंही तेव्हाच बोलून ठेवा. आम्ही परतीचं बोललो नाही, त्याचं पुढे सांगते.

पायथ्याशी दोन-चार घरांपुढे चुली पेटलेल्या होत्या. पिठलं-भाकरीचं सांगून वर निघालो, उतरेपर्यंत तयार होतं. पायऱ्या पर्वतीपेक्षा जास्त आहेत, पण वाट बांधलेली आहे आणि मध्ये टेकायला जागा आहे. लेण्यांचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी डोंगराची सावली मिळते. अकरानंतर निघालात तर ही सावली हातची जाईल. आम्ही प्रत्येक पंचवीस पायऱ्यांना थांबलो, पाण्याचा एक घोट घेतला, पुन्हा निघालो. पर्वतीवर हाच हिशोब होता, म्हणून आईला नवीन काही वाटलं नाही. चाळीस मिनिटं लागली. तरुण माणसाला पंधरा लागतील.

वर पुरातत्त्व खात्याची तिकीट खिडकी आहे, मुलांना तिकीट नाही. पुढं गेलं की एकदम समोर ते मोठं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनागृह, येतं. भाज्याची ही २२ लेणी आहेत, सगळ्यात जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे सुमारे २२०० वर्षांची. चैत्यगृहाला समोरची भिंत नाही. कधीकाळी तो दर्शनी भाग लाकडाचा होता, तो गेला, तुळया बसवायच्या खाचा तेवढ्या दगडात राहिल्या. आत २७ अष्टकोनी खांब आणि मागे साधा, कोरीवकाम नसलेला स्तूप.

आई आत आली, खांबाला हात लावून उभी राहिली, मान वर केली आणि म्हणाली, "अगं, हे वासे आहेत."

खरंच वासे आहेत. दगडी कमानीला आतून लाकडाच्या कमानदार फासळ्या लावलेल्या आहेत, आणि त्या मूळच्या आहेत. लेकीनं विचारलं, दगडाच्या छताला वासे कशाला? ते काही पडणार नाही. याचं उत्तर माझ्याआधी आईनंच दिलं. आधी घरं लाकडाची होती, मग दगडात घर करायचं तर सुतारानं जे शिकवलं तेच करणार ना. अभ्यासकही हेच सांगतात: आधीची चैत्यगृहं लाकडात बांधलेली, तीच रचना इथं कातळात उतरवली. मग आईनं खांब दाखवले. ते सरळ उभे नाहीत, वरच्या बाजूला आत कललेले आहेत. लाकडी खांब छपराचा रेटा पेलायला असे तिरके रोवतात, दगडात त्याची काहीच गरज नव्हती, तरी कारागिरानं तो कल ठेवला. मी याआधी तीनदा भाज्याला आले आहे. तिन्ही वेळा फोटो काढले आणि तो कल माझ्या लक्षात आला नव्हता. लाकडी घरात वाढलेल्या माणसाला तो दारातून दिसला.

तिथं आम्ही जवळजवळ तास बसलो. आईनं माहेरच्या घराचं आढं, तुळया, माळा सगळं हातानं हवेत काढून दाखवलं आणि लेकीनं ते वहीत उतरवलं. तुम्ही जाल तेव्हा या चैत्यगृहाला घाईत ठेवू नका. बाकीची लेणी थोडक्यात आटोपली तरी चालेल.

तरी दोन ठिकाणं चुकवू नका. एक, स्तूपांचा समूह: एकूण १४, पाच आत आणि नऊ बाहेर. हे दिवंगत थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंचे आहेत, काहींवर नावंही कोरलेली आहेत. सहा वर्षांच्या मुलाला मोजायला १४ हा आकडा अगदी योग्य. दुसरं, दक्षिण टोकाचा विहार, म्हणजे भिक्षूंची राहायची जागा. त्याच्या व्हरांड्यात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र अशी ओळख सांगितली जाते ती शिल्पं आहेत, आणि तबल्यासारखी वाद्यं वाजवणारी एक बाई, तिच्याजवळ नाचणारी दुसरी. उजेड कमी असतो, विजेरी न्या. शिल्पांना मुलांचे हात लावू देऊ नका. मोहोळं दिसली तर त्यांच्याखाली ओरडणं, धूर, अत्तर काहीही नको.

व्हरांड्यातून समोर इंद्रायणीचं खोरं दिसतं, पलीकडे कार्ल्याचा डोंगर. कल्याण, सोपारा या बंदरांतला माल बोरघाट चढून याच बाजूनं वर यायचा, म्हणून कार्ले, भाजे, बेडसे अशी लेणी इथं एकमेकांजवळ आहेत. आता त्याच खोऱ्यातून रेल्वे, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग जातात. धाकट्यानं एका वेळी दोन रेल्वेगाड्या मोजल्या.

उतरताना आईचा उजवा गुडघा बोलायला लागला. हे लक्षात ठेवा: झिजलेल्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जड जातो. काठी नक्की न्या, आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा. आम्हाला पन्नास मिनिटं लागली. त्यात भाकरी गरम गरम खायची म्हणून आणखी बसलो, रिक्षा सांगून ठेवलेली नव्हती, आणि मळवलीला पोचलो तर लोकल नुकतीच गेलेली. दुपारी या मार्गावर गाड्यांमध्ये मोठी फट असते. आम्हाला पावणेदोन तास फलाटावर बसावं लागलं, आणि आईला पाय सोडून बसवण्यासाठी सावलीतला बाक शोधताना माझा जीव कासावीस झाला. निघण्याआधी परतीची गाडी पाहून ठेवा आणि तिच्याप्रमाणे वरून उतरायला लागा. स्वच्छतागृहाचं निघतानाच बघून घ्या, लहान मुलं आणि ज्येष्ठांसाठी वाटेतल्या सोयीवर विसंबू नका.

पावसाळ्यात जायचं का, असं अनेकजण विचारतात. भाजे तेव्हा फार सुंदर असतं, धबधबाही असतो. पण रविवारची गर्दी आणि ओल्या पायऱ्या हे गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी नाही. आणि मुलांना पाण्यात सोडू नका. जून २०२४ च्या अखेरीस इथून जवळच, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी किती लवकर चढतं, हे तिथं उभं राहून कळत नाही. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, मधला वार, सकाळची गाडी. आमच्यासारख्या घरांसाठी हीच वेळ.

त्याच दिवशी कार्ला करायचं मुलांच्या मनात होतं. मी नाही म्हणाले, आणि ते बरोबर झालं. कार्ल्याचं चैत्यगृह भाज्याहून कितीतरी मोठं, त्यातही मूळच्या लाकडी फासळ्या आहेत, पण तिथं चढ जास्त आणि एकवीरेच्या दर्शनाची गर्दीही.

भाज्यातून येताना आईनं पाच किलो इंद्रायणी तांदूळ घेतला, तो मी उचलला. सोमवारपासून ती पर्वतीच्या दोन फेऱ्या करते आहे. दुसरी फेरी अर्धीच होते अजून. कार्ल्याला किती पायऱ्या आहेत ते तिनं लेकीला शोधून ठेवायला सांगितलं आहे.