त्या रात्री कोण कुठं झोपलं होतं

किल्लारीला आता मुद्दाम कुणी जात नाही. भूकंपानंतरच्या दिवसांत एवढे लोक लोटले होते की बघ्यांच्या गाड्यांपायी मदतीचे ट्रक रस्त्यातच अडकून पडायचे. आज औसा-उमरगा रस्त्यावर किल्लारी पाटीला एसटी थांबते, बाजाराच्या पिशव्या सांभाळत चार माणसं उतरतात, गाडी पुढं निघते. मला मात्र तिथं जायचंच होतं. वर्षानुवर्षं राहून जात होतं. यंदा गणपती उठले आणि मी निघाले.

मी सोलापूरची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचंही घर हललं. फडताळातली पितळी भांडी धडाधड खाली आली आणि आईनं आम्हा दोघा भावंडांना दंडाला धरून अंगणात ओढलं, एवढं मला लख्ख आठवतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, अंगावरचा गुलालही धड निघाला नव्हता. सकाळी रेडिओवर किल्लारी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मग सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, गुबाळ, पेठसांगवी, राजेगाव. गल्लीतल्या बायका चुलीपाशी बसून भाकऱ्या थापत होत्या, शेंगाचटणीच्या पुड्या बांधत होत्या. शाळेत चादरी आणि कपडे गोळा होत होते. वडील एका ट्रकबरोबर उमरग्यापर्यंत गेले आणि परत आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. काय बघितलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी विचारायला धजले नाही, आणि आता ते नाहीत. दिवाळी उलटून गेली तरी मी छपराखाली झोपायला तयार नव्हते. अंगणात आईला बिलगून झोपायचे. किल्लारी माझ्यापाशी राहिली ती या भीतीच्या रूपानं.

हैदराबाद रस्त्यानं निघालं की नळदुर्ग लागतं. किल्ल्याकडं न वळता मी आधी 'आपलं घर'पाशी थांबले. भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी, पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं, हे उभं केलं. तिकडं पुण्याजवळ वाघोलीला शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिकायला नेली. ही मुलं आता चाळिशीत आहेत, म्हणजे माझ्याच वयाची. माझ्या आईनं माझा दंड धरला होता त्या घटकेला त्यांच्यातल्या कितीजणांचा कुणी धरला असेल, हा विचार मनात आला आणि फाटकापाशी उभं राहवेना.

उमरग्याला कॉलेजातली मैत्रीण गाडीत बसली. ती इथल्याच शाळेत शिकवते. तेरणेच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही सगळी गावं तिच्या पायाखालची. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, तूर हिरवीगार होती, मधूनमधून ऊस. सास्तूरला भूकंपानंतर उभं राहिलेलं स्पर्श रुग्णालय तिनं दाखवलं. बाहेर बाळंतिणींच्या नातेवाइकांची गर्दी होती. त्या गर्दीकडं बघून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

जुनी किल्लारी आणि नवी किल्लारी अशी दोन गावं आहेत. नवं गाव सरळ रस्त्यांचं, आखीव चौकांचं. जुनं गाव म्हणजे बाभळी, वेडं गवत आणि मधूनमधून दगडांचे ढीग. नीळकंठेश्वराचं देऊळ आहे आणि गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ आहे. दर ३० सप्टेंबरला पोलीस इथं हवेत फैरी झाडून मानवंदना देतात, तालुक्यातून माणसं येतात. आम्ही गेलो तेव्हा स्तंभापाशी एक म्हातारे गृहस्थ शेळ्या राखत बसले होते. मैत्रिणीनं त्यांना 'बापू' म्हणून हाक मारली, तिच्या शाळेतल्या एका मुलाचे ते आजोबा. सोलापूरहून आलेय म्हटल्यावर ते उठलेच. म्हणाले, "तुमच्या सोलापूरच्या भाकरी खाल्ल्यात आमी. या, घर दावतो."

घर म्हणजे कमरेएवढी उरलेली एक भिंत. तिच्यात एक देवळी शाबूत, आतला दगड काजळीनं अजून काळा. खाली अर्धा गाडला गेलेला उंबरा. बापूंनी भिंतीच्या तुटक्या कडेला हात घातला आणि एक धोंडा हलवून सहज बाहेर काढला. मागून भुरभुर माती आणि गोटे गळाले. "बगा," म्हणाले, "भाईर चांगला दगुड, आतून चांगला दगुड, मदी समदी भरणी." भिंत अडीच-तीन फूट रुंद. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, तोफ लावली तरी हलणार नाही. पण दोन बाजूंचे दगड एकमेकांत गुंतवलेले नाहीत, आरपार जाणारा लांब दगड कुठंच नाही. जमीन हलली की एक पापुद्रा आत कोसळतो, दुसरा बाहेर.

आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलच, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला नवी माती चढवायची. बापापासून मुलाकडं घर यायचं ते दरवर्षी थोडं जड होत. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब, चोराची भीती नाही. अशा घरात राहणारा माणूस स्वतःला नशीबवान समजायचा. ज्याच्याकडं माळवद नव्हतं, जो कुडाच्या झोपडीत किंवा पत्र्याखाली होता, त्याला खालच्या नजरेनं बघितलं जायचं. त्या पहाटे कूड आणि पत्रा जगले.

बापूंनी सांगितलेली एक गोष्ट मला पूर्वी कधी नीट कळली नव्हती. भूकंप काही अचानक आला नव्हता. १९९२ च्या पावसाळ्यापासून जमीन गुरगुरत होती. १८ ऑक्टोबर १९९२ ला मोठा धक्का बसला, भिंतींना तडे गेले, आणि माणसं बाजा घेऊन शेतात झोपायला गेली. बापूंचं सगळं घर महिनोन्‌महिने तुरीच्या रानात झोपलं. "किती दिस झोपनार ताई? पोरांची शाळा, म्हातारीचा दमा, जनावरं. धक्के थांबले. आलो घरात." हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, हातातला तो धोंडा पुन्हा भिंतीत बसवत होते.

शास्त्रज्ञांनाही कोडंच होतं. दख्खनचं पठार म्हणजे जुना, स्थिर खडक. भूकंपाच्या नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. कोयनेला १९६७ मध्ये झालं तेव्हा धरणाकडं बोट दाखवता आलं होतं. किल्लारीनंतर नकाशाच बदलावा लागला. २००२ मध्ये तो पहिला पट्टा देशाच्या नकाशावरून काढूनच टाकला. भूकंपाची तीव्रता तशी सहाच्या थोडी वर, म्हणजे जगात दरवर्षी कुठं ना कुठं असे भूकंप होत असतात. पण केंद्र जमिनीत फार खोल नव्हतं, वेळ पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांची, आणि वर ही घरं. सरकारी आकडा ७,९२८ माणसांचा. बापू म्हणाले, "आकडा सरकारचा. आमी नावं मोजतो."

ते स्वतः कसे वाचले, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. विसर्जन करून परतायला उशीर झाला, देवळापुढं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, तिच्यातच चार पोरांबरोबर आडवे झाले. घर पन्नास पावलांवर. बायको, आई आणि धाकटी मुलगी घरात. थोरला मुलगा मामाकडं गेलेला, तो राहिला. त्याचाच मुलगा माझ्या मैत्रिणीच्या वर्गात. उजाडल्यावर गावात घरंच नव्हती, धुरळा होता. मग पाऊस लागला. सरण रचायला कोरडं लाकूड कुठून आणणार? घरांच्याच तुळया उपसल्या. "ज्या तुळईखाली गेली तिच्यावरच जाळली," एवढं बोलून बापू शेळ्यांकडं वळले. मैत्रीण माझा हात धरून होती. मी स्तंभाला टेकून रडले. लहानपणीची ती भीती माझ्या अंगातून उतरली की आणखी आत शिरली, मला सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं, की माझ्या त्या भीतीला आता एका माणसाचा चेहरा आहे.

दुपारी नव्या गावात गेलो. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेच्या मदतीनं आखलेल्या मोठ्या कार्यक्रमात. जमीन नसलेल्याला २५० चौरस फुटांचं घर, थोडी असलेल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घरं भक्कम आहेत, यात शंका नाही. पण आखणाऱ्यांनी गोठा कुठं असेल, कडबा कुठं रचायचा, चार भावांनी एका चौकाभोवती कसं राहायचं, याचा विचार कमी केला असं मला वाटतं. लोकांनी तो नंतर आपल्या हातांनी केला. प्रत्येक घरापुढं पत्र्याचं शेड आहे, कुठं चूल, कुठं म्हैस, कुठं दुकान. आखणी तीच, पण आता ते गाव दिसतं. झाडं मोठी झालीत, ओट्यांवर म्हाताऱ्या बसलेल्या असतात.

अशाच एका शेडमध्ये मैत्रिणीच्या ओळखीच्या आजींनी आम्हाला चहा दिला. मागे सिमेंटचं घर, आत पंखा, टीव्ही, कपाट. आजींची बाज मात्र शेडमध्ये. सून हसत म्हणाली, "घर मिळाल्यापासून त्या आत झोपल्याच नाहीत." आजींनी मान डोलावली. त्यांना सगळं तोंडपाठ आहे. कोण पडवीत होतं, कोण माडीवर, कोण खळ्यावर राखणीला गेलेलं. शेजारची नवी सून माहेरी जायची ती पितृपक्ष लागणार म्हणून थांबली. दिराचं पोर रडलं म्हणून जाऊ त्याला घेऊन अंगणात आली, दोघं वाचले, दीर गेला. तास-दीड तास त्या गल्लीतल्या घरामागून घर सांगत होत्या, कोण आडवं होतं, कोण उभं, दाराचं तोंड कुठं होतं, उशी कुठं होती. वाचलं कोण आणि गेलं कोण, हे जातीवर ठरलं नाही, पैशावर नाही, पुण्याईवर तर नाहीच. कोण कुठं झोपलं होतं, एवढ्यावर ठरलं. या गावातल्या माणसांना त्या रात्रीचा हिशेब दुसऱ्या कुठल्या रीतीनं मांडताच येत नाही, आणि मांडायला लावणं मला क्रूरपणाचं वाटतं.

मग आजींनी मला विचारलं, "तुमचं घर कशाचं हाय?"

सोलापूरचं घर स्लॅबचं आहे, म्हटलं. मग आठवलं ते आजोळ. अक्कलकोटच्या अलीकडं मामाचं जुनं घर, दगडी, माळवदाचं. मामा-मामी दोघंच असतात. सुट्टीत आम्ही त्या माळवदावर शेंगा वाळत घालायचो. आजी पुढं सरकल्या. माती किती चढलीय, तुळया कशाच्या, वाळवी लागली का, एकामागून एक विचारत गेल्या. मला एकाचंही उत्तर देता येईना. २०२४ मध्ये हिंगोलीकडं मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हादरे बसले तेव्हा इथं रात्रभर कुणी झोपलं नाही, असं सुनेनं सांगितलं. मराठवाड्यात अशी घरं अजून उभी आहेत. येताना रस्त्यावरूनच मी किती बघितली होती.

आजींसमोरच मामाला फोन लावला. मामा आधी हसला. हे घर माझ्या आज्याचं, त्र्याण्णवला हललंसुद्धा नाही म्हणाला. आजींनी माझ्या हातातून फोन घेतला. ना ओळख ना पाळख, त्या सरळ बोलायला लागल्या, "दादा, वरची माती उतरवून घ्या. हलका पत्रा टाका. तवर पडवीत झोपत जावा, दोघं बी." पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. मग मामानं विचारलेलं मला ऐकू आलं, "तुमचं कोण गेलं, मावशी?" आजींनी पाच नावं सांगितली.

माती उतरवायला माणसं सोयाबीनची काढणी झाल्यावर मिळतील, असं मामाचं म्हणणं. भावाशी बोलून ठेवलंय. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत, ट्रॅक्टर गावातलाच मिळतोय. पत्र्याचं माप मामीनं स्वतः घेऊन कळवलंय. मामाची बाज तिनं त्याच रात्री पडवीत आणून टाकली.