गवळीदेव ते खाडी, मातीच्या मागावर

कॉलेजच्या तोंडी परीक्षेत सरांनी एक ढेकूळ माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "ही माती कुठली?" मी ते चिमटीत चुरगाळून ऐटीत म्हटलं, "तांबडी, सर." सरांनी ढेकूळ परत घेतलं. "रंग मलाही दिसतोय. कुठली, ते विचारलं." मार्क गेले ते गेलेच. कृषी पदवी घेऊन पुढे मी बँकेत लागले, सातबारे बघता बघता वीस वर्षं झाली, पण ते ढेकूळ काही डोक्यातून गेलं नाही.

डिसेंबरात वर्गमित्राचा फोन आला. हा गडी मृदा सर्वेक्षणातच राहिला. "रविवारी घणसोलीला येतेस का? गवळीदेवाच्या डोंगरापासून खाडीपर्यंत एक सरळ रेघ चालायची आहे. जेमतेम चार-पाच किलोमीटर. टोपी आण, पाणी आण, आणि बँकेतल्यासारखे प्रश्न विचारू नकोस."

स्टेशनबाहेर वडापाव खाताना त्याने पिशवीतून दोन कागद काढले. माती बघायच्या आधी हे बघ, म्हणाला.

पहिला कागद हवामानाचा. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात वर्षाला साधारण 2500 मिलिमीटर पाऊस, त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त जून ते सप्टेंबरात. मातीचं तापमान 50 सेंटिमीटर खोलीवरचं धरतात. वर्षाची सरासरी 22 अंशांच्या वर आणि उन्हाळा-हिवाळ्यातला फरक 6 अंशांच्या आत असेल तर तिला 'आयसोहायपरथर्मिक' म्हणायचं. "म्हणजे स्वेटर कपाटातच राहतो," मी म्हटलं. तो हसला. पण पुढचा शब्द मला खरंच चक्रावून गेला. एवढा पाऊस झेलणाऱ्या या उतारांच्या मातीला वर्गीकरणाची पद्धत ओली म्हणत नाही, 'युस्टिक' म्हणते. का, तर साधारण वर्षात तिच्या मुळांपाशीचा थर सगळे मिळून 90 दिवसांहून जास्त कोरडा असतो. चार महिने धो धो आणि मग आठ महिने आभाळाकडे बघत बसायचं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसरा कागद उंचीचा. फेब्रुवारी 2000 मध्ये 'एंडेव्हर' यानाने 11 दिवस पृथ्वीभोवती घिरट्या घालून रडारने जमिनीची उंची मोजली, तेच आकडे, 30-30 मीटरच्या चौकोनांत. उजवीकडे पारसिकची डोंगररांग गडद, डावीकडे खाडी फिकट. वाशीच्या बाजूला मधेच उंचवटे दिसत होते. "ही टेकाडं कुठली?" "टेकाडं कसली, इमारती आहेत त्या. रडारला गच्चीच जमीन वाटते."

रिक्षाने एमआयडीसी पार करून गवळीदेवाच्या पायथ्याशी उतरलो. पावसाळ्यात इथे धबधब्याखाली पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात चार पोरं आणि एक कुत्रं. वनजमीन आहे, तेव्हा खणायचं नाही, हे मित्राने आधीच बजावलं होतं. नाल्याने कापलेला काठ होताच की आयता. खुरप्याने वरचा धुरळा खरवडला आणि आतली माती उघडी पडली. वर वीतभर तांबूस माती, मुळांनी गच्च. खाली कुजलेला, हाताने फुटणारा मुरूम. त्याच्याखाली काळा पाषाण, सह्याद्रीचा नेहमीचा बेसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा.

चिमूटभर माती ओली करून मी मन्सेलच्या, म्हणजे मातीचा रंग जुळवायच्या, रंगवहीतल्या भोकांमागे सरकवत गेले. साडीच्या दुकानात मॅचिंग ब्लाउजपीस शोधावा तसं. 5 वायआर 4/4 वर जुळलं, तांबूस तपकिरी. दगड काळा आणि त्याचीच माती तांबडी कशी? पाऊस दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडी सिलिकासुद्धा धुऊन खाली नेतो. लोह मात्र जागेवर राहतं आणि गंजतं. बिडाचा तवा रात्रभर ओला राहिला की सकाळी होतो, तो हाच रंग. आम्लाचे चार थेंब टाकले, फेस नाही. चुनखडी कधीच वाहून गेलेली. मग अंगठा आणि बोटामध्ये दाबून रिबीन काढली, तर दोन सेंटिमीटरवर तुटली. चिकण फार नाही. पाऊस थांबून दोनच महिने झाले होते, तरी वरची माती फुंकरीने उडत होती. 'युस्टिक' म्हणजे काय ते हाताला कळलं.

या जमिनीला आपल्याकडे वरकस म्हणतात. नाचणी, वरी, फार तर एखादं हळवं भात. उंचावरच्या खाचरात पाणी लवकर आटतं म्हणून लवकर निघणारं हळवं, खोलगटात पाणी टिकतं म्हणून उशिरा निघणारं गरवं. उतार, ओलावा आणि पिकाचे दिवस, तिन्हींचा मेळ जुन्या माणसांनी रडार उडायच्या कितीतरी आधी घातला होता. आम्ही हे कॉलेजात शिकलो तेव्हा त्याला 'कॅटीना' असं भारदस्त नाव होतं. एकाच उतारावरची, एकाच दगडाची, तरी पायरीपायरीने बदलत जाणारी मातीची साखळी.

ती साखळी पुढे एमआयडीसीत हरवली. डांबर, पेव्हर ब्लॉक, ठाणे-बेलापूर रस्ता, रेल्वेचा पूल. कागदाप्रमाणे इथे खोल, तपकिरी, पायथ्याची माती असायला हवी. असेल. आम्हाला दिसली ती फक्त एका दुभाजकातल्या कण्हेरीखाली, आणि तीही विकत आणलेली.

स्टेशनच्या पश्चिमेला एका इमारतीसाठी पाया खणलेला होता. पत्र्याच्या कुंपणातून मित्राने डोकावून पाहिलं आणि त्याचे डोळे लहान पोरासारखे चमकले. वॉचमनला वाटलं, आम्ही फ्लॅट बघायला आलोय. मातीच बघायची आहे हे पटवायला दहा मिनिटं आणि एक चहा लागला.

खड्ड्याची भिंत पुरुषभराहून चांगली उंच, सरळ कापलेली. टेप लावली. वरचे 2.1 मीटर तांबूस मुरूम, खडे, विटांचे तुकडे, गुटख्याची एक पुडी, रबरी चपलेचा अंगठा. आणि मग सुरीने कापावी तशी रेघ. रेघेखाली सगळा रंगच वेगळा, निळसर करडा, पाटीवरची पेन्सिल पुसल्यासारखा. त्या सांध्यातून पाणी झिरपत होतं, कोपऱ्यात पंप धडधडत होता. मुरमातून पाणी सरळ उतरतं आणि चिकणमातीवर येऊन अडतं.

वॉचमनने खालचं एक ढेकूळ फावड्याने काढून दिलं. जड, थंड, किंचित कुजक्या अंड्यासारखा वास. रिबीन काढली ती लांबतच गेली, पाच सेंटिमीटर, सहा, तुटेना. ढेकूळ मोडून बघितलं तर आत सुईच्या जाडीच्या उभ्या नळ्या आणि प्रत्येक नळीभोवती गंजाचं केशरी कडं. मी बघतच राहिले. पाण्याखालच्या मातीत हवा नसते, तिथलं लोह गंजत नाही, म्हणून माती करडी. पण भाताची मुळं पानांतून हवा खाली नेतात, मुळाभोवती तेवढ्यापुरतं लोह गंजतं. रोप गेलं, मूळ कुजलं, गंजाची बांगडी राहिली. दोन मीटर मुरमाखाली कुणाचं तरी भात अजून उभं होतं.

"काय बघता?" मागून आवाज आला. घणसोली गावातले एक काका, डोक्याला मफलर, हातात पिशवी. वरची तांबडी माती दाखवत मी म्हटलं, "माती बघतोय, काका."

"ती माती नाय, भराव हाय. डोंगर फोडून हितं आनलेला. माती खाली हाय, आमची."

मित्राच्या कागदावर ही जागा खाडीकाठचा सपाट प्रदेश म्हणून होती आणि रंगवही म्हणत होती, डोंगर. दोन्ही बरोबर. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, मग खाचरांवर आणि मिठागरांवर सेक्टर उभे राहिले. भरतीच्या पाण्यापेक्षा जमीन उंच करायची तर मुरूम हवाच. हजारो वर्षांत पावसाने जेवढं खाली आणलं नसेल तेवढं डंपरांनी काही वर्षांत आणलं.

काका आमच्याबरोबर खाडीपर्यंत आले. वाटेत त्यांनीच सांगितलं की इथे खारबंदिस्ती होती, म्हणजे खाडीचं पाणी अडवायला घातलेला बांध. बांधाला उघाडी, म्हणजे लाकडी दरवाजा. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर, भरतीला दार बंद. पहिल्या पावसाने वरचं मीठ धुऊन गेलं की मोड आलेलं भात फेकून पेरायचं, त्याला रहू म्हणायचे. उन्हाळ्यात मीठ परत वर यायचं, शेत पांढरं दिसायचं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारं पाणी सोसणारी भाताची वाणं काढली ती अशाच जमिनींसाठी. काकांना त्यांचं कौतुक नव्हतं. "आमचं जुनं बियानं गोड व्हतं," एवढंच बोलले.

बांधापलीकडे तिवरं, त्यापलीकडे चिखल, लांबवर रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, गुलाबी रेघ. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. तिवरांत खुरपं लावायचा प्रश्नच नव्हता. बांधावर बसून खड्ड्यातलं ढेकूळ दुप्पट डिस्टिल्ड पाण्यात ढवळलं आणि क्षारता मोजायचं मीटर बुडवलं. 3.1. मातीला खारी म्हणायची रेषा 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरची, पण ती संपृक्त मातीच्या, म्हणजे जेमतेम पाण्याने भरलेल्या मातीच्या, अर्काची. आम्ही पाणी जास्त घातलेलं, म्हणजे खरा आकडा 4 च्या बराच पुढे. एवढी वर्षं मुरमाखाली राहूनही मीठ गेलेलं नाही.

मित्र फॉर्म भरायला बसला. मातीच्या प्रत्येक थराला एक अक्षर असतं. माणसाने आणून टाकलेल्या थराच्या अक्षराआधी टोपीसारखी एक खूण करतात, ती त्याने काढली. गाडल्या गेलेल्या थराला शेवटी 'बी' हे अक्षर लावतात, तेही लावलं. ठिकाणाच्या रकान्यात सेक्टरचा नंबर.

काका वाकून बघत होते. "काय लिवलं?"

"सेक्टर, काका."

"सेक्टर आता झाला. त्या शेताला मोठा खार म्हनायचं."

मित्राने माझ्याकडे बघितलं, पेनाचं टोपण परत काढलं आणि नंबरावर रेघ मारली.