केंटचा विटकरी, लालबागचा अबोली

या डिसेंबरात मुंबईला आले तेव्हा बॅगेत पांढऱ्या लोकरीच्या चार लडी होत्या. चारही केंटमधल्या घरी मी हाताने कातलेल्या, एकाच मेंढीच्या लोकरीच्या आणि प्रत्येकी शंभर ग्रॅमच्या. आईच्या स्वयंपाकघरात त्या मंजिष्ठेत, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीत, रंगवायच्या, एवढाच बेत होता, कारण मंजिष्ठ मी दर खेपेला लालबागच्या काष्ठौषधींच्या दुकानातूनच नेते आणि तिच्यापासून गेली तीन वर्षे तिकडे विटकरी रंग काढत आले आहे. इथे मात्र पहिली लड पातेल्यातून बाहेर काढली, तर ती अबोलीच्या फुलांच्या रंगाची निघाली.

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला असलेल्या केंट परगण्यात रॉम्नी मार्श नावाचा सपाट, ओलसर, गवताळ प्रदेश आहे आणि तिथल्या मेंढ्यांची जातही रॉम्नी याच नावाने ओळखली जाते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कातरणी झाली की शेतकऱ्याकडून अख्ख्या मेंढीची लोकर विकत मिळते. घरी आणल्यावर पहिले काम धुण्याचे. लोकरीतले मेण, म्हणजे लॅनोलिन, कोमट पाण्यात नीट सुटत नाही. त्यासाठी ६० अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी आणि साबण लागतो, आणि लोकर त्यात न ढवळता नुसती बुडवून ठेवावी लागते. ती चोळली किंवा गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकली, तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि हातात नमद्याचा घट्ट गोळा येतो. माझी पहिली लोकर अशीच गेली आणि त्याचे मला फार वाईट वाटले, कारण त्यामागे एका मेंढीची वर्षभराची वाढ होती.

लडींबरोबर मी माझी लाकडी चाती, म्हणजे लोंबकळत फिरवून धागा कातायची काठी, आणि थोडी धुतलेली, विंचरलेली लोकरही आणली होती. आई कोकणातल्या शाळेत टकळीवर सूत कातायला शिकली होती. साठ वर्षांनी तिने चाती हातात घेतली आणि पहिल्याच प्रयत्नात धागा निघाला, पण तो तारेसारखा ताठ होता. याचे कारण तिच्या हाताच्या जुन्या सवयीत आहे. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो, म्हणून तो धरून ठेवायला भरपूर पीळ द्यावा लागतो आणि टकळीचे टोक वाटीत टेकवून तिचा भार धाग्यावर येणार नाही असे पाहावे लागते. रॉम्नी लोकरीचा तंतू दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब असतो. त्याला थोडाच पीळ पुरतो, आणि चाती हवेत लोंबकळत फिरली तरी धागा तुटत नाही. आईला हे सांगावे लागले नाही. दोन हात धागा निघाल्यावर तिने आपणहून बोटे एकमेकांपासून लांब धरली.

बाबा दाराशी बसून पाहत होते. १९८२च्या संपापर्यंत ते गिरणीत सूत कातण्याच्या खात्यात होते. आईचा धागा मध्येच तुटला आणि ती गाठ मारू लागली, तेव्हा ते म्हणाले, "गाठ नको. टोक उसवून मोकळे कर, नव्या लोकरीवर ठेव आणि पीळ त्यात जाऊ दे." लोकर सांधण्याची रीत हीच आहे. केंटमध्ये ती मला एका शेजारणीने शिकवली होती, आणि बाबांना ती सगळा वेळ ठाऊक होती. याआधी मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

आता रंगाकडे येते. शंभर ग्रॅम लोकरीला मी पंधरा ग्रॅम तुरटी घेते. ओली लड तुरटीच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवायची आणि त्याच पाण्यात निवू द्यायची. तुरटी इथे रंगबंधकाचे काम करते. तिच्यातले ॲल्युमिनियम तंतूला धरते आणि रंगद्रव्य ॲल्युमिनियमला धरते. मग लोकरीच्या वजनाइतकीच मंजिष्ठेची भरड रात्रभर भिजवून, गाळून, तिच्या अर्कात लड घालायची आणि पाणी ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, नाहीतर लालीवर तपकिरी छटा चढते. हे सगळे मी लालबागमध्ये अगदी तसेच केले होते. पातेलेही रंगासाठी वेगळे घेतले होते, कारण रंगाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नसते.

बदलले होते ते फक्त पाणी. केंटच्या जमिनीखाली खडूचा दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आहे आणि नळाला येणारे पाणी बरेचसे त्या दगडातून झिरपलेले असते, म्हणून किटलीच्या तळाशी दर आठवड्याला पांढरा थर जमतो. मुंबईचे पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांत साठलेल्या पावसाचे, शाळेच्या पुस्तकात ज्याला सुफेन म्हणतात तसे आहे. लोकर धुवायला ते उत्तम. साबण निम्मा लागतो. मंजिष्ठेला मात्र कॅल्शियम हवा असतो, कारण ॲल्युमिनियमबरोबर तोही जोडला गेला की रंग अधिक तांबडा आणि पक्का होतो. मंजिष्ठेची युरोपातली बहीण म्हणजे मॅडर. तिच्या पातेल्यात सुफेन पाण्याच्या गावातले रंगारी खडूची पूड टाकत आले आहेत, हे मी वाचले होते, पण माझ्या नळातूनच खडू येत असल्यामुळे त्याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

फळ्यावर लिहायचा खडू चालत नाही, कारण तो बहुधा जिप्समचा असतो. आई रोज कॅल्शियमची गोळी घेते आणि त्या गोळीत कॅल्शियम कार्बोनेटच असते, हे वेष्टनावर वाचल्यावर मी तिच्याकडून एक गोळी मागून घेतली, खलबत्त्यात कुटली आणि दुसऱ्या लडीच्या पातेल्यात घातली. अर्ध्या तासात अर्काचा रंग गडद झाला. तासाभराने लड बाहेर आली ती माझ्या ओळखीची, विटकरी. तिसरीला दीड गोळी घातली तेव्हा ती डाळिंबीकडे झुकली. चौथी मी पांढरीच ठेवली आहे.

तिन्ही लडी गॅलरीतल्या दांडीवर सावलीत वाळत होत्या तेव्हा आईने विटकरी आणि डाळिंबी दोन्हींना हात लावून पाहिला, आणि अबोली लड काढून आपल्या कपाटात ठेवली. तिला त्या रंगाचा मफलर हवा आहे आणि त्याला आणखी एक लड लागेल. चौथी लड मी त्यासाठी परत नेणार आहे. केंटमध्ये तो रंग हवा असेल, तर नळ बंद ठेवून अंगणातल्या पिंपात पावसाचे पाणी साठवावे लागेल.