०७ नावाची फाइल

एका ग्रंथालयाच्या जुन्या मराठी मासिकांचं स्कॅनिंग चालू होतं. १९५६ सालचा बांधीव खंड, ६१४ पानं, संध्याकाळी सर्व्हरवर चढला. पहाटे क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीने, माझी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालवायची, सालाच्या फोल्डरात बारा महिन्यांचे फोल्डर करायचे आणि एकेक पान आपापल्या महिन्यात हलवायचं. आदल्या दिवशी हाताने चालवून पाहिली होती, सगळं व्यवस्थित.

सकाळी पाहतो तर आत तेराच नावं. ०१ ते १२ अशा बारा फाइली, नावापुढे टिफ वगैरे फाइलचा प्रकार सांगणारं काही नाही. आणि एक रिकामा फोल्डर; त्याचं नावच महिरपी कंस, ०१, दोन टिंबं, १२, महिरपी कंस. ०७ उघडली. जुलैच्या अंकाचं मलपृष्ठ, त्यावर साबणाची जाहिरात. जुलैचं बाकी एकही पान नाही. पोटात गोळा आला.

बारा फोल्डरांसाठी स्क्रिप्टमध्ये मी हेच कंसातलं नाव लिहिलं होतं. त्यातून बारा नावं उलगडायची सोय बॅशची, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या एका प्रोग्रॅमची. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश लिहिलेलं होतं, पण क्रॉनमध्ये मी ती 'एसएच' लावून बोलावली होती; मग ती पहिली ओळ नुसती टिप्पणी ठरते. सर्व्हरवरच्या उबुंटू लिनक्समध्ये २००६ पासून एसएच म्हणजे डॅश, बॅशसारखाच दुसरा प्रोग्रॅम. हलकं, वेगवान, पण हे कंस त्याला कळत नाहीत. त्याने ते अख्खं नाव तसंच एमकेडिर या फोल्डर करणाऱ्या आज्ञेला दिलं आणि त्यानेही निमूटपणे फोल्डर केला. नावात कंस चालतात, मग तक्रार कसली करणार! पुढे एमव्ही, फाइल हलवणारी किंवा तिचं नाव बदलणारी आज्ञा. ०७ नावाचा फोल्डरच नाही, म्हणून पहिल्या पानाचं नाव ०७ झालं. दुसरं पान त्याच्यावर बसलं, तिसरं दुसऱ्यावर. चुकांची नोंद ठेवणारा लॉग कोरा. ०७ च्या पुढे, हा फोल्डर आहे असं सांगणारी एक तिरकी रेघ दिली असती, तरी एमव्ही पहिल्याच पानाला अडलं असतं.

स्कॅनिंगच्या ताईंना सांगणं सगळ्यात जड गेलं.

"सर, हा खंड परत उघडायचा? कडा हातात येतायत हो."

दुसरा इलाज नव्हता. मी बाराही महिने सरळ एकेक करून लिहिले, रेघ दिली, आणि हलवण्याऐवजी आधी कॉपी, मग मोजणी, मगच मूळ फाइल पुसायची असं केलं. ताई दोन दिवस पानं उलटत होत्या, एकेक, दोन्ही हातांनी.

तिसऱ्या दिवशी ६१४ चा आकडा जुळला. मार्चच्या एका पानाचा कोपरा मात्र तुटला. ताईंनी तो छोट्या पाकिटात घालून त्याच पानाशी ठेवलाय.