मेथी उगवली!
आज सकाळी गॅलरीतल्या ट्रेमध्ये मेथी वर आली, अजून दोनच पानं आहेत, एकीच्या डोक्यावर दाण्याचं पिवळं टरफल तसंच अडकलेलं, आणि मी कितीतरी वेळ तिथेच उकिडवी बसून बघत राहिले.

डिप्रेशनमध्ये सगळ्यात आधी काय जातं तर उठावंसं वाटणंच जातं. म्हणून कौन्सेलर मॅडमनी गुलाब नाही, मेथी सांगितली, तीन-चार दिवसांत उगवते, जास्त वाट बघायची ताकद नसते ना तेव्हा. त्या म्हणतात आधी छोटंसं काम करायचं, मन मागून येतं, आणि मला ते खरंच पटलंय, कारण पाणी घालायला उठावंच लागतं, उठलं की अंगावर ऊन येतं, मग आंघोळ, मग चहा, असं होत जातं.

१९८४ चा एक अमेरिकेतला अभ्यास आहे, ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट नुसती भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, स्ट्राँग पेनकिलरही कमी लागल्या त्यांना.

पण गोळ्या चालूच आहेत हं माझ्या. "झाडं लाव, गोळ्या सोड" म्हणणाऱ्यांचं प्लीज ऐकू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, सरकारी आहे, फ्री, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आता पुदिना लावायचाय, जुडीतल्या काड्यांना पाण्यात मुळं फुटलीत. कुणाकडे रंगाचे रिकामे डबे असतील तर सांगा, येऊन घेऊन जाईन.