जूनअखेर आणि पावसाळा

क्वीन्सलँडमधील डेन्ट्री वर्षावनातील संवर्धन प्रकल्पांचे अनुदान सांभाळताना मला सर्वाधिक छळले ते कॅलेंडरने. आपल्या मार्चअखेरीसारखी ऑस्ट्रेलियात जूनअखेर असते. त्यामुळे निधी मंजूर होऊन हाती पडेपर्यंत पावसाळा तोंडावर आलेला असतो आणि डिसेंबर ते एप्रिल या काळात फुगलेले ओढे ओलांडून रानडुकरांचे सापळे तपासायला जाणे बहुधा अशक्य होऊन बसते. मग उरलेल्या दोन महिन्यांत खर्च दाखवण्याची धावपळ सुरू होते, जी आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीला नवी नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये डेन्ट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानांची मिळून १,६०,००० हेक्टरांहून अधिक जमीन ईस्टर्न कुकू यलांजी या मूळ रहिवाशांना परत मिळाली आणि तिचा कारभार ते राज्य सरकारसोबत संयुक्तपणे पाहू लागले. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात समाजात कोणाचा मृत्यू झाला की शोककाळात बैठका आणि कामे थांबतात, आणि एका निधीदात्याच्या अहवालात ‘विलंबाचे कारण’ या रकान्यासाठी जेमतेम एका ओळीची जागा होती. त्या जागी मी एकदा नुसते ‘पाऊस’ असे लिहिले, याची आजही लाज वाटते.